निदान इतकं तरी

सप्टेंबरचा दुसरा आठवडा म्हणजे पूर्व विदर्भातल्या आमच्या वॉर्डात खाटा संपून गाद्या जमिनीवर येण्याचे दिवस. रोवणी कधीच आटोपलेली असते, धानाच्या बांध्यांत निंदण चालू असतं, धुऱ्यांवरचं गवत कमरेएवढं वाढलेलं असतं आणि घरटी एकाला ताप असतो. अशाच एका रात्री अकराच्या सुमारास सात नंबरच्या खाटेवर अडतीस वर्षांची एक शेतकरी बाई आली.

"हिले सहा दिवसापासून ताप हाये साहेब," नवरा सांगत होता. "सलाईन लावली का उतरते, घरी गेलं का चढते."

त्याच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती. ती पिशवी म्हणजे बाईचा गेला आठवडा : तीन लॅबचे रिपोर्ट, अर्धवट संपलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या, एका इंजेक्शनची रिकामी कुपी. मलेरिया निगेटिव्ह. विडाल 'पॉझिटिव्ह'. डेंगीची एनएस-वन निगेटिव्ह, आयजीएम पॉझिटिव्ह. आणि माझ्यासमोरची बाई अशी : रक्तदाब ८४/५०, श्वास मिनिटाला ३४, डोळे लालबुंद, हातपाय गार, प्लेटलेट ५८ हजार. हाक मारली की डोळे उघडायची, उत्तर द्यायला वेळ लावायची.

"नेमकं काय झालं हिले?" नवऱ्यानं विचारलं.

मला माहीत नव्हतं. पुढच्या तासाभरात मला काहीतरी सुरू करायचं होतं, आणि खात्रीचं उत्तर त्या तासाभरात मिळणार नव्हतं.

गंभीर जंतुसंसर्गावर उपचार करणाऱ्या डॉक्टरचं बरंचसं आयुष्य या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत जातं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की डॉक्टर आधी रोग ओळखतो आणि मग औषध देतो. पुस्तकांत क्रम तसाच छापलेला असतो. वॉर्डात तो बऱ्याचदा उलटा असतो. औषध आधी जातं, नाव नंतर येतं आणि कधीकधी येतच नाही.

आपल्या भाषेत 'निदान' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक डॉक्टरांचा, म्हणजे रोगाची ओळख. संस्कृतात त्याचा अर्थ मूळ, कारण. माधवकराच्या 'माधवनिदान' या ग्रंथात रोगांच्या कारणांची आणि लक्षणांची मांडणी आहे आणि त्यात रोगांची सुरुवात ज्वरापासून होते, हे मला नेहमी अर्थपूर्ण वाटत आलं आहे. दुसरा अर्थ घरातला : 'निदान दोन घास तरी खा', 'निदान फोन तरी करायचा'. म्हणजे, सगळं नाही जमलं तर किमान एवढं. तापाच्या वॉर्डात पंचवीस वर्षं काढल्यावर माझं मत असं झालं आहे की पहिलं निदान हाती लागत नाही तेव्हा रुग्णाला दुसरं वाचवतं. नेमकं काय झालंय हे कळत नसेल, तर निदान काय सुटता कामा नये? निदान कशावर आत्ता औषध गेलंच पाहिजे? निदान कधी परत येऊन पाहायचं?

रिपोर्ट कसा वाचायचा

पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत आमच्याकडे येणाऱ्या तापाचे संशयित ठरलेले असतात : मलेरिया, डेंगी, स्क्रब टायफस, लेप्टोस्पायरोसिस, टायफॉइड. सुरुवातीचे चार-पाच दिवस पाचही जण एकाच गणवेशात वावरतात. ताप, अंगदुखी, डोकेदुखी, उलटी, कमी झालेल्या प्लेटलेट, किंचित बिघडलेलं यकृत. बाईच्या पिशवीतले रिपोर्ट हे कोडं सोडवायला पुरेसे होते, असं वाटू शकतं. एकेक पाहू.

डेंगीची एनएस-वन चाचणी विषाणूचं प्रथिन शोधते. ते रक्तात पहिल्या चार-पाच दिवसांत भरपूर असतं, नंतर ओसरतं. सहाव्या दिवशी ती निगेटिव्ह आली यावरून डेंगी नाही असं म्हणता येत नाही. आयजीएम ही शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं. ती साधारण पाचव्या दिवसापासून दिसतात, पण नंतर दोन-तीन महिने रेंगाळतात. तेव्हा पॉझिटिव्ह आयजीएमचा अर्थ 'आज डेंगी आहे' असाही होतो आणि 'जुलैत होऊन गेला' असाही.

विडाल चाचणी १८९६ सालची, फर्नांद विडाल या फ्रेंच डॉक्टरच्या नावाची. सव्वाशे वर्षांनंतरही आपल्याकडे गल्लोगल्ली होते. जुना टायफॉइड, घेतलेली लस, दुसराच एखादा ताप, यांपैकी कशानेही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. टायफॉइडसाठी खरी चाचणी म्हणजे ब्लड कल्चर, रक्तातले जंतू वाढवून पाहणं. पण तिच्यातूनही दहांतले साधारण चार रुग्ण निसटतात, आणि आधी अँटिबायोटिक झालेलं असेल तर आणखी जास्त.

स्क्रब टायफससाठी लहान रुग्णालयांत अजूनही वाइल-फेलिक्स चाचणी करतात. १९१६ साली निघालेली ही युक्ती विलक्षण आहे. रुग्णाच्या रक्तातली प्रतिपिंडं प्रोटियस नावाच्या, या रोगाशी काडीचा संबंध नसलेल्या जिवाणूला चिकटतात का, हे तीत पाहतात. अनोळखी माणसाला त्याच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्याच्या फोटोवरून ओळखण्याचा हा प्रकार. पुष्कळ रुग्ण तिच्या हातून सुटतात. गंमत म्हणजे लेप्टोच्या काविळीला 'वाइल्स डिसीज' म्हणतात तो वाइल वेगळा. १८८६ साली त्या आजाराचं वर्णन करणारा अडॉल्फ वाइल आणि या चाचणीतला एडमंड वाइल हे दोन निराळे डॉक्टर. एमबीबीएसच्या मुलांचा इथे दरवर्षी घोटाळा होतो, आणि त्यांना मी सांगतो की दोन वाइल ओळखता आले नाहीत म्हणून वाईट वाटून घेऊ नका, दोन ताप ओळखणं त्याहून अवघड आहे.

चाचणी चांगली असली तरी एक अडचण उरते. समजा, स्क्रब टायफसची एक चाचणी आहे. खऱ्या दहा रुग्णांतले नऊ ती पकडते, आणि रोग नसलेल्या दहांतल्या एकाला चुकून पॉझिटिव्ह ठरवते. हंगामात तापाचे १०० रुग्ण आले आणि त्यांतल्या १० जणांना खरोखर स्क्रब आहे. चाचणी त्यांतले ९ पकडेल, आणि उरलेल्या ९० जणांतल्या ९ जणांवर खोटा आळ घेईल. म्हणजे १८ पॉझिटिव्ह, त्यांतले निम्मे खरे. आता हीच चाचणी एप्रिलमध्ये, शहरात, १,००० रुग्णांवर करा, आणि त्यांत स्क्रबचे फक्त १० आहेत असं धरा. पकडले जातील ९, खोटे पॉझिटिव्ह येतील ९९. आता बारांतला एक खरा. कागदावर छापलेला शब्द तोच, 'पॉझिटिव्ह'. अर्थ मात्र रुग्ण कुठून आला, कोणत्या महिन्यात आला आणि शेतात काय करत होता, यावर ठरतो.

थॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाच्या मृत्यूनंतर, १७६३ साली, छापल्या गेलेल्या निबंधात या हिशेबाचं मूळ आहे. गावातला जुना डॉक्टर बेझचं नावही न ऐकता तो करतो. रिपोर्ट हातात घेण्याआधी तो विचारतो, "शेतात जाता का? गवत कापलं का एवढ्यात?"

किती शक्यता पुरे?

मग औषध कधी सुरू करायचं? पन्नास टक्के खात्री झाल्यावर? नव्वद?

अमेरिकेतल्या स्टीफन पॉकर आणि जेरोम कॅसिरर या दोन डॉक्टरांनी १९८० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये याचं उत्तर मांडलं, आणि ते ऐकायला अगदी किराणा दुकानातल्या हिशेबासारखं आहे. तराजूच्या एका पारड्यात टाका : रोग नसताना औषध दिलं तर होणारं नुकसान. दुसऱ्यात : रोग असताना औषध दिलं तर होणारा फायदा. नुकसान १ आणि फायदा १९ धरला, तर विसात एक, म्हणजे पाच टक्के शक्यता असली तरी औषध द्यावं. खात्रीचा आकडा असा रोगागणिक आणि औषधागणिक बदलतो. तो डॉक्टरच्या स्वभावावर ठरू नये.

सात नंबरच्या बाईला हे लावून पाहा. स्क्रब टायफस आणि लेप्टो दोन्हींवर चालणारं डॉक्सिसायक्लिन हे जुनं, स्वस्त औषध आहे. पोटात मळमळ, उन्हाने कातडी चुरचुरणं, कॅप्सूल पाण्याशिवाय गिळून आडवं झालं तर अन्ननलिकेला जखम, बहुतांशी एवढाच त्याचा त्रास. उलट, स्क्रबचा रुग्ण धक्क्यात गेलेला असताना औषधाला उशीर झाला तर जीव जातो. इथे उंबरठा अगदी खाली आहे. मुंबईत तर तो जवळजवळ जमिनीला टेकतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मागोमाग लेप्टोची लाट आली. आता पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालत गेलेल्यांना रोगाचं एकही लक्षण नसताना डॉक्सिसायक्लिन घेण्याचा सल्ला दिला जातो.

उलट टोकाचं उदाहरण २०२१ मध्ये महाराष्ट्राने पाहिलं. कोविडनंतर म्युकरमायकोसिस ही बुरशी नाकातून डोळ्याकडे आणि मेंदूकडे सरकत होती. तिचं औषध, अँफोटेरिसिन, मूत्रपिंडांना जाचणारं. तरी संशय दाट असेल तर ते सुरू करत, कारण रोगाला थांबायला वेळ नसतो. डोळा काढण्याचा निर्णय मात्र नुसत्या संशयावर कोणी घेत नव्हतं. नाकातला तुकडा घेऊन, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. रिबिनीसारखे रुंद धागे दिसले की काही मिनिटांत पुरावा हाती. एकाच रुग्णात, एकाच दिवशी, औषधाचा उंबरठा वेगळा आणि शस्त्रक्रियेचा वेगळा.

परकराच्या नाडीखाली

खरं सांगायचं तर त्या रात्री मी डेंगीवर थांबायच्या बेतात होतो. आयजीएम पॉझिटिव्ह, प्लेटलेट कमी, डोळे लाल. वॉर्डात आजूबाजूला डेंगीचेच रुग्ण. एक नाव सापडलं की डोकं शोध थांबवतं, आणि रात्री अकरा वाजता तर आनंदाने थांबवतं. डेंगी ठरवला असता तर अँटिबायोटिकची गरज नव्हती. मोजून सलाईन आणि लक्ष ठेवणं, एवढाच उपचार.

ड्यूटीवरच्या सिस्टरनी बाईचे ओले कपडे बदलायला पडदा ओढला. दोन मिनिटांनी हाक आली, "सर, जरा बघता का हे?"

परकराची नाडी जिथे कमरेला काचते, तिथे डाव्या अंगाला नखाएवढा काळा डाग होता. कडेला लालसर वर्तुळ, मधे सुकलेली खपली. बिडीचा चटका दिल्यासारखा. दुखत नव्हता, खाजत नव्हता. म्हणून बाईने कोणाला सांगितला नव्हता आणि आम्ही कोणी पाहिला नव्हता. याला एस्कार म्हणतात. गवतातल्या माइट जातीच्या किड्याची अळी चावते तिथे तो उमटतो. ही अळी नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसते. अंगावर चढून ती कपडा घट्ट बसतो तिथे अडकते : नाडीखाली, काखेत, जांघेत, स्तनाखाली. म्हणजे नेमकं तिथे, जिथे परक्या पुरुष डॉक्टरची नजर जात नाही. सगळ्याच रुग्णांत तो डाग सापडत नाही. पण पिशवीतल्या रिपोर्टांपेक्षा तो एकटा जास्त बोलत होता.

डॉक्सिसायक्लिन नळीतून पोटात गेलं, शिरेतून अझिथ्रोमायसिन सुरू झालं. भारतातल्या सात केंद्रांवर सुमारे ८०० रुग्णांवर झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गंभीर स्क्रबमध्ये ही दोन औषधं शिरेतून एकत्र दिली तर एकट्या औषधापेक्षा चांगला परिणाम दिसला होता. आमच्या भांडारात शिरेतून द्यायचं डॉक्सिसायक्लिन त्या दिवशी नव्हतं. जे होतं ते दिलं. सलाईन दिली, पण थोडी देऊन छाती तपासत, पुन्हा थोडी. कारण डेंगी अजून पूर्ण वगळलेला नव्हता आणि स्क्रबमध्येही फुफ्फुसांत पाणी साठायला वेळ लागत नाही. सेफ्ट्रियाक्झोनही दिलं. ते स्क्रबच्या जंतूला लागू पडत नाही, पण टायफॉइडला आणि लेप्टोला पडतं. चौथ्या दिवशी बाई उठून बसली आणि तिने पहिली चौकशी घरच्या म्हशीची केली.

सगळ्यांना सगळं का देऊ नये

इथे वाचक विचारेल, मग प्रत्येक तापाला दोन-तीन अँटिबायोटिकं एकदम देऊन का टाकत नाही? संशयाचा प्रश्नच मिटला.

असं करणारे आहेत, आणि त्याची किंमत सगळा समाज मोजतो. आधी जी औषधं राखीव होती ती आता पहिल्या दिवशी लिहिली जातात आणि जंतू त्यांना सरावत जातात. पण त्या रुग्णापुरतं बोलायचं तरी जास्तीचं औषध निरुपद्रवी नसतं. लिव्होफ्लॉक्सॅसिन घ्या. खोकला-तापाला सर्रास दिलं जाणारं हे औषध क्षयाच्या जंतूलाही मारतं, पण अर्धवट. पाच-सात गोळ्यांनी क्षयरोग्याला बरं वाटतं, तपासणीत जंतू सापडेनासे होतात, आणि रोग आत चालू राहतो. औषधाने रोग बरा केला नाही, फक्त लपवला.

म्हणून शिस्त लागते. 'सर्व्हायव्हिंग सेप्सिस' या आंतरराष्ट्रीय मोहिमेच्या २०२१ च्या सूचना हीच शिस्त सांगतात. जंतुसंसर्गामुळे रक्तदाब कोसळला असण्याची शक्यता असेल तर तासाभराच्या आत अँटिबायोटिक. रक्तदाब ठीक आहे, पण संसर्गाची नुसती शंका आहे, तर तीन तासांची मुदत घ्या, झटपट तपासण्या करा आणि शंका टिकली तर द्या. वेळ जितका कमी, तितकी खात्रीची अट सैल. आणि पहिला डोस जाण्याआधी कल्चरचं रक्त काढून ठेवायचं, कारण ती संधी पुन्हा येत नाही. दोन-तीन दिवसांनी सगळा कागद पुन्हा मांडायचा आणि ज्याची गरज उरली नाही ते औषध हिमतीने बंद करायचं. सुरू करायला लागते त्याहून जास्त हिंमत बंद करायला लागते, हे कोणताही निवासी डॉक्टर सांगेल.

प्रश्नचिन्हाचं शहर

एका रुग्णाच्या बाबतीत जे होतं ते अख्ख्या शहराचंही होऊ शकतं. २३ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईत मांडवी भागातल्या रुग्णांना तपासणाऱ्या गोव्याच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा गाठीचा प्लेग आहे असं जाहीर केलं. त्यांच्या हातात ताप, जांघेतली गाठ आणि झपाट्याने होणारे मृत्यू, एवढाच पुरावा होता. प्लेगचा जंतू हाँगकाँगमध्ये सापडून जेमतेम दोन वर्षं झाली होती. बंदराचं शहर, त्यात असं नाव उच्चारायचं, म्हणजे व्यापारावर पाणी. तरी त्यांनी उच्चारलं, आणि प्रयोगशाळेने नंतर त्यांना दुजोरा दिला.

९८ वर्षांनी, ऑगस्ट १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचा संशय आला आणि सप्टेंबरमध्ये सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगचा. लाखो लोकांनी सुरत सोडली. देशभर टेट्रासायक्लिनच्या गोळ्या मिळेनाशा झाल्या. टेट्रासायक्लिन म्हणजे आपल्या डॉक्सिसायक्लिनचंच भावंड. हा खरंच प्लेग आहे का यावर तज्ज्ञांत कडाक्याचा वाद झाला, तो शहर शांत झाल्यावरही चालू राहिला. जंतूच्या जनुकीय तपासणीतून प्लेगच होता असा पुरावा काही वर्षांनी प्रसिद्ध झाला. पण सुरतेच्या वॉर्डात उभ्या असलेल्या डॉक्टरला काही वर्षं थांबता येत नव्हतं. समोरचा रुग्ण रक्त खोकत होता. त्याने कॅप्सूल दिल्या, वाद इतरांसाठी ठेवला.

अकरा नंबर

आता दुसरी गोष्ट, जी सांगायला मला आवडत नाही.

त्याच महिन्यात अकरा नंबरच्या खाटेवर एकोणीस वर्षांचा एक पोरगा होता. दहा दिवसांचा ताप, डोकेदुखी, शेतातलं काम. एस्कार सापडला नाही. मलेरिया-डेंगी निगेटिव्ह. येण्याआधी कुठेतरी लिव्होफ्लॉक्सॅसिनच्या पाच गोळ्या झालेल्या. आम्ही डॉक्सिसायक्लिन आणि सेफ्ट्रियाक्झोन सुरू केलं. दुसऱ्या दिवशी ताप उतरला.

"सर, क्वेरी स्क्रब, चांगला रिस्पॉन्ड करतोय," निवासी डॉक्टरनं राउंडला सांगितलं. निदान पक्कं नसलं की आम्ही नावाआधी प्रश्नचिन्ह काढतो आणि त्याला 'क्वेरी' म्हणतो. मी मान डोलावून पुढच्या खाटेकडे गेलो.

औषध देऊन पाहायचं आणि आराम पडला तर रोग ओळखायचा, ही पद्धत फार जुनी. आयुर्वेदात रोग जाणण्याच्या पाच साधनांत तिला स्थान आहे. तिचं नाव उपशय. लक्षणं गूढ असतील तर उपशयाने परीक्षा करावी, असं चरकसंहिता सांगते. साधन मोलाचं आहे, आणि फसवंही. कितीतरी विषाणुज्वर पाच-सात दिवसांनी आपले आपण उतरतात. त्याच दिवशी कोणतंही औषध सुरू केलं असेल तर श्रेय त्याला जातं. आणि या पोराच्या बाबतीत तर ताप औषधाने उतरलाच नव्हता. दर सहा तासांनी पॅरासिटामॉल चालू होतं. तापाचा तक्ता खोटं बोलत नव्हता. मी त्याला चुकीचा प्रश्न विचारत होतो.

खरा प्रश्न त्याच्या आईने न विचारताच सोडवला होता. "रातभर डोकं धरून बसते," ती रोज सांगत होती. सिस्टरला सांगत होती, वॉर्डबॉयला सांगत होती, झाडू मारणाऱ्या बाईला सांगत होती. फाइलमध्ये ते कोणी लिहिलं नाही. चौथ्या दिवशी पोराला उलट्या झाल्या आणि तो पेंगुळला. मान वाकवून पाहिली तर ताठ होती.

पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं. पेशी १८०, बहुतेक लिम्फोसाइट. प्रथिनं वाढलेली. साखर २८, त्याच वेळी रक्तात ११०. हे चित्र क्षयाच्या मेंदूज्वराचं, पण फक्त त्याचंच नव्हे. स्क्रब टायफसही मेंदूच्या आवरणाला सूज आणतो आणि तिथेही लिम्फोसाइटच दिसतात. साखर मात्र सहसा इतकी खाली जात नाही. क्षयाचा जंतू शोधणारी सीबीनॅट चाचणी निगेटिव्ह आली. क्षयाच्या मेंदूज्वरात पाण्यात जंतू इतके विरळ असतात की निगेटिव्ह रिपोर्टने सुटका होत नाही. कल्चर लावलं, त्याला सहा आठवडे लागणार. सहा आठवडे थांबलं तर कल्चरचा रिपोर्ट घ्यायला पोरगा उरला नसता.

पुन्हा तोच तराजू. एका पारड्यात वर्षभराची औषधं, यकृताला धोका, स्टेरॉइडचे परिणाम. दुसऱ्यात असा आजार, जो उपचारांविना जवळजवळ हमखास जीव घेतो आणि उशीर झाला तर आंधळेपण, बहिरेपण, लुळेपण मागे ठेवतो. त्याच संध्याकाळी क्षयाची चार औषधं आणि डेक्सामेथासोन सुरू केलं. डॉक्सिसायक्लिनही चालू ठेवलं, कारण स्क्रब अजून बाद झालेला नव्हता.

औषध योग्य होतं. चार दिवस उशिरा होतं. त्यातला बराचसा उशीर माझा, त्या मान डोलावण्याचा.

तेव्हापासून माझ्या वॉर्डात 'क्वेरी' एकटा लिहायची बंदी आहे. प्रश्नचिन्हाबरोबर आणखी दोन ओळी लागतात : हे नसेल तर काय असू शकतं, आणि कोणत्या दिवशी, काय दिसलं तर आपण मत बदलू. '? स्क्रब. नसल्यास टीबी मेनिन्जायटिस. ४८ तासांत डोकेदुखी न थांबल्यास पाठीचं पाणी.' एवढ्या दोन ओळी त्या पहिल्या दिवशी असत्या, तर आईच्या वाक्याला जाऊन बसायला फाइलमध्ये जागा मिळाली असती.

नातेवाइकांशीही मी आता याच साच्यात बोलतो. पूर्वी मला वाटायचं, 'माहीत नाही' म्हटलं की विश्वास उडेल, पेशंट रातोरात नागपूरला हलवतील. काहींनी हलवलेही. पण बहुतेकांना खटकतं ते डॉक्टरला माहीत नसणं नव्हे. आज एक नाव, उद्या दुसरं आणि मधे कोणी काही न सांगणं. म्हणून सांगतो : तीन आजारांची शंका आहे, त्यांतल्या दोन जिवावरच्या आजारांवर औषध सुरू केलं आहे, उद्या संध्याकाळपर्यंत अमुक दिसलं नाही तर आपण तमुक करू. शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पावसाची खात्री नसताना पेरणी करणारा माणूस आहे तो.

पोरगा सहा आठवड्यांनी चालत घरी गेला. कल्चरमध्ये काहीच वाढलं नाही. वर्षभर तो दर महिन्याला औषध न्यायला येत राहिला, आणि शेवटच्या खेपेला कार्ड पुढे करून म्हणाला, "सर, मले झालं काय होतं?"

"बहुतेक टीबीच."

"बहुतेक?" त्याने कार्डावर बोट ठेवलं. 'निदान' या रकान्यात माझ्याच अक्षरात होतं : '? टीबी मेनिन्जायटिस'. "तेवढं प्रश्नचिन्ह काढा ना सर. पोलीस भरतीच्या मेडिकलले अडचण येईन."

पेन हातात घेतलं, पण ते चिन्ह खोडणं माझ्याने झालं नाही. त्याच्या मेंदूच्या पाण्यात कोणता जंतू होता हे कोणीच पाहिलेलं नव्हतं. मी त्याला उभं केलं, एका पायावर तोल सांभाळायला लावला, वाचायला दिलं, दोन्ही कानांशी बोटं चोळून आवाज ऐकवला. मग प्रश्नचिन्हाच्या खाली तारीख घालून लिहिलं : 'उपचार पूर्ण. आजच्या तपासणीत कोणताही दोष नाही.' आणि सही केली.

निदान इतकं तरी मला खात्रीने लिहिता येत होतं.